ऊस वाहतूक: ओढण्याचा हिशेब होतो, थांबवण्याचा नाही

साखर कारखान्यांची धुराडी पेटली की आपल्या भागातल्या रस्त्यांचे रूपच पालटते. संध्याकाळी सातनंतर तालुक्याच्या गावाहून मोटारसायकलवर घरी यायचे म्हटले तरी जीव मुठीत धरावा लागतो. पुढे काळाकुट्ट ढीग हलताना दिसतो. दिवा नाही, नंबर नाही. जवळ गेल्यावर कळते, की ही उसाची ट्रॉली आहे आणि तिच्यापुढे आणखी एक ट्रॉली आहे. ट्रॅक्टर कुठेतरी पार पुढे असतो. त्याच्यावरच्या गाण्यांचा आवाज तेवढा ऐकू येतो.

दरवर्षी हंगामाच्या तोंडाला कारखान्यावर कार्यक्रम होतो. परिवहन कार्यालयाचे अधिकारी येतात, ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात, फोटो निघतो. ते काम चांगलेच आहे, त्याला नावे ठेवायचे कारण नाही. मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसलीच पाहिजे. पण ट्रॉली दिसली म्हणून ती थांबते असे नाही. या धंद्यात खरा प्रश्न ट्रॅक्टर किती ओढतो हा नाहीच. ओढलेले वजन तो थांबवू शकतो का आणि त्या वजनाखाली त्याची पुढची चाके जमिनीवर राहतात का, हा आहे. याची चर्चा कुठल्याही गट ऑफिसात होताना दिसत नाही.

थोडा आकड्यांचा हिशेब करू. हिशेब ढोबळ आहे, पण चूक नाही. पन्नास अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर साधारण सव्वादोन टनांचा असतो. त्यातले आठशे किलोच्या आसपास पुढच्या चाकांवर आणि बाकीचे चौदाशे किलो मागच्या चाकांवर. आपल्याकडच्या साध्या ट्रॅक्टरला ब्रेक असतात ते फक्त मागच्या दोन चाकांना. ट्रॉल्यांना ब्रेक बहुतेक ठिकाणी नसतातच. म्हणजे सगळी गाडी थांबवायची ती या दोन टायरांनी. कोरड्या डांबरी रस्त्यावर चौदाशे किलो वजनाचे टायर फार तर एक टनाचा जोर धरतात. त्याहून जास्त दाबले की टायर घासत जातात, थांबत नाहीत.

आता मागे दहा-दहा टनांच्या दोन चारचाकी ट्रॉल्या जोडा. एकूण वजन झाले बावीस टन. सपाट रस्त्यावर ताशी वीस किलोमीटरने चाललेली ही गाडी ब्रेक लागल्यापासून पंचवीसएक मीटरने थांबेल. ब्रेकवर पाय जाईपर्यंतचे सहा-सात मीटर वेगळे. एकच ट्रॉली असती तर हेच अंतर पंधरा मीटरच्या आसपास आले असते. इथवर फरक पोटात घालता येईल. पण रस्ता उताराचा असेल तर? वीस फुटाला एक फूट, असा उतार आपल्याकडे उतार म्हणूनही कोणी मोजत नाही. आजरा, चंदगड, भुदरगड, पन्हाळा भागात तर असे उतार गावोगाव आहेत. त्या उतारावर बावीस टनांचे वजन ट्रॅक्टरला नुसत्या आपल्या भाराने टनभर जोराने खाली ढकलते. टायरांचा सगळा जोर त्या ढकलण्यातच संपतो. थांबण्यासाठी उरते ते जवळपास काहीच नाही. तीच गाडी तोच वीसचा वेग धरून आली, तर थांबायला शंभर मीटर लागतात. वेग तीसचा झाला तर दोनशे मीटरांच्या वर. शंभर मीटर म्हणजे गावच्या वेशीपासून शाळेच्या फाटकापर्यंत.

त्यात काही चालक उतारावर डिझेल वाचवायला गिअर काढून न्यूट्रलवर सोडतात. इंजिन जेवढे धरून ठेवत होते तेवढेही गेले. किती डिझेल वाचते, तर चहाच्या पैशाएवढे.

आणखी एक गोष्ट ट्रॅक्टर चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते आणि तरी रोज विसरली जाते. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पायडल असतात, डावे आणि उजवे. शेतात वळवताना एका बाजूचा ब्रेक मारता यावा म्हणून ते वेगळे ठेवलेले असतात. रस्त्यावर आल्यावर दोन्हीला जोडणारी खिटी लावायची असते. नांगरट करून तसाच ट्रॅक्टर ट्रॉलीला जुंपला आणि खिटी लावायची राहिली, तर घाईत एकाच पायडलवर पाय पडतो. ट्रॅक्टर एका अंगाला वळतो, मागचे वीस टन सरळच येत असते, आणि मधल्या दांडीवर सगळे दुमडते. मग वर्तमानपत्रात बातमी येते, ‘चालकाचा ताबा सुटला’.

हे झाले थांबण्याचे. चढाचे गणित याहून वेगळे आणि त्यात हुकाची उंची येते.

चारचाकी ट्रॉलीचे वजन तिच्याच चाकांवर राहते, हुकावर येत नाही. त्यामुळे चढावर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना पुरेसा दाब मिळत नाही आणि ती जागेवर फिरतात. मग दुसरा ट्रॅक्टर पुढे जुंपून चढ पार करायचा, हे दृश्य आपण पाहतोच. दोनचाकी ट्रॉलीचे तसे नाही. तिचे नाक ट्रॅक्टरच्या हुकावर टेकते. समजा टनभर वजन हुकावर आले. त्याने मागच्या चाकांना दाब मिळतो, पकड वाढते, चढ चढतो. म्हणून चालकांना ती आवडते. पण हूक मागच्या आसाच्याही मागे दोन-सव्वादोन फुटांवर असतो. तिथे टनभर दाबले की पुढची चाके तराजूच्या पारड्यासारखी उचलायला लागतात. पुढच्या आठशे किलोतले साडेतीनशे किलो तिथेच गेले.

त्यात ओढण्याचा ताण. वर सांगितलेल्या चढावर वीस टन ओढायला हुकावर साधारण चौदाशे किलोचा ताण येतो. हूक जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर असेल तर या ताणाने पुढचे आणखी साडेतीनशे किलो हलके होतात. म्हणजे आठशेतले उरले शंभर. स्टिअरिंग फिरवले तर ट्रॅक्टर जेमतेम ऐकेल. आता हाच हूक गावातल्या वर्कशॉपमध्ये कापून सहा इंच वर घेतला, तर उरलेले शंभरही गेले. पुढची चाके हवेत. कधी ट्रॉलीची दांडी उंच पडते म्हणून, कधी खड्ड्यात दांडी घासते म्हणून, कधी टायर मोठे टाकले म्हणून हूक वर घेतला जातो. वेल्डिंगवाला तासाभरात काम करून देतो. ट्रॅक्टर कंपनीने हूक तिथेच का दिला होता, हे ना तो विचारतो, ना मालक.

पुढे वजन बांधणे, बंपरवर दगड-लोखंड ठेवणे हे उपाय चालू आहेत. त्याने थोडा फरक पडतो, पण मूळ दुखणे जात नाही. तेवढेच वजन पुन्हा उतारावर ढकलायला येते.

डबल ट्रॉलीत आणखी एक गोम आहे. मागची ट्रॉली दोनचाकी असेल तर तिचे नाक पुढच्या ट्रॉलीच्या शेपटावर बसते. शेपूट दबले की पुढच्या ट्रॉलीचे नाक उचलायला बघते. मग ट्रॅक्टरच्या हुकावर दाब येण्याऐवजी हूक वर ओढला जातो, मागच्या चाकांची पकड सुटते आणि चढाच्या मध्यावर गाडी जागेवर घसरते. फडात मोळ्या रचताना मागच्या अंगाला जास्त रचल्या, तरी हेच होते. टोळीतल्या माणसांना हे कोणी सांगत नाही. त्यांना काम लवकर संपवायचे असते, आणि ट्रॉलीत ऊस रचायला जिकडून सोपे तिकडून ते रचतात.

इंग्लंडातला दाखला इथे देण्यासारखा आहे, कारण शास्त्र एकच आहे. तिकडे मोटारीच्या मागे चाकांवरचे छोटे घर, म्हणजे कॅरॅव्हॅन, जोडून सुटीला जायची हौस आहे. काही तरुण हौसेपायी आपली व्हॅन खाली बसवून घेतात, जमिनीला टेकल्यासारखी दिसावी म्हणून. पण व्हॅन खाली बसली की तिचा हूकही खाली जातो आणि मागचे घर नाकावर झुकते. म्हणून तिथे हुकाची उंची ठरलेली आहे, भरलेल्या गाडीत जमिनीपासून ३५ ते ४२ सेंटिमीटर. व्हॅन खाली बसवली तर हूक पुन्हा त्या मापात आणावा लागतो. हुकावर किती भार हवा, तर मागच्या घराच्या वजनाच्या पाच ते सात टक्के. नवख्या चालकाला सल्ला असा, की मागचे घर गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून जड नको. ७५० किलोहून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. ट्रेलर पुढे ढकलायला लागला की त्या ढकलण्यानेच त्याचे ब्रेक दाबले जावेत, अशी साधी यंत्रणा दांडीत बसवलेली असते.

तिथली मोटार आणि आपला ट्रॅक्टर एक नाही, हे मान्य. ट्रॅक्टर हळू चालतो, त्याचे टायर मोठे, गिअर दमदार. तिकडचे टक्के इकडे लावा असे कोणी म्हणणार नाही. पण तिकडे ओढणाऱ्याच्या वजनाहून हलके घर ओढताना एवढी काळजी, आणि इकडे ओढणाऱ्याच्या नऊपट वजन बिनब्रेकचे, हूक वेल्डिंगवाल्याच्या अंदाजाने. ढकलल्यावर दाबले जाणारे ब्रेक आपल्या ट्रॉलीला बसवणे काही आकाशातले काम नाही. ट्रॉली बनवणारे आपले कारागीर याहून अवघड कामे करतात. मागणीच नाही म्हणून कोणी बनवत नाही.

मागणी का नाही, हे बघायला कारखान्याच्या अड्ड्यावर गेले पाहिजे.

गेल्या हंगामात एका कारखान्यावर नंबरला लागलेल्या ट्रॅक्टरमालकाशी बोलत होतो. म्हटले, “दादा, एवढं कशाला भरता? एक ट्रॉली आणायची.” तो म्हणाला, “साहेब, एक आणली तरी नंबर तेवढाच, दोन आणल्या तरी नंबर तेवढाच. काल रात्री लागलोय, आज दुपार झाली. एका ट्रॉलीसाठी बारा तास थांबलो तर हप्ता कोण भरंल?” त्याच्या बोलण्याला उत्तर नव्हते. अजूनही नाही.

वाहतूकदाराला पैसे मिळतात ते टनावर आणि अंतरावर. अड्ड्यावर थांबलेल्या तासांचे मिळत नाहीत. दिवसात खेप एक होणार की दोन, हे त्याच्या हातात नाही, ते गव्हाणीच्या गतीवर आणि रांगेवर. त्याच्या हातात एकच गोष्ट उरते, खेपेला किती भरायचे. डोक्यावर ट्रॅक्टरचे कर्ज. त्याशिवाय टोळीसाठी मुकादमाला दिलेली उचल. मुकादम टोळी घेऊन आला तर ठीक, नाहीतर उचल बुडाली आणि ट्रॅक्टर दारात उभा. चार-पाच महिन्यांत सगळे वसूल करायचे. अशा माणसाला ‘नियम पाळा’ म्हणून उपदेश करणे सोपे आहे. पण दर टनावर, आणि वेळेची किंमत शून्य, अशी पद्धत असेल तर ट्रॉली भरभरून येणारच. चालकाची बेफिकिरी नाही असे नाही, मोठमोठे स्पीकर लावून मागचा हॉर्न ऐकू न येणारे चालक आहेतच. पण मूळ बेफिकिरीत नाही, दराच्या पद्धतीत आहे.

कायद्यात काय आहे? मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ६१ व्या कलमाप्रमाणे ट्रॉलीचीही नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर शेवटच्या ट्रॉलीवर दिसला पाहिजे. शेवटच्या ट्रॉलीवर नंबर किती जणांना दिसतो, हे वाचकांनीच आठवावे. नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त भरायला कलम ११३ ने मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १९४ व्या कलमात जादा वजनाला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार रुपये दंड आहे. म्हणजे सहा टन जादा असेल तर ३२ हजार. यात महत्त्वाचा शब्द पुढेच आहे. हा दंड चालवणाऱ्यालाच नाही, तर तसे चालवायला लावणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्यालाही लागतो.

आता वजन तपासायचे कसे? रस्त्यात ट्रॅक्टर अडवून काट्यावर न्यायचा म्हटले तर अधिकाऱ्याला जवळ काटा शोधावा लागतो, मागे रांग लागते, ऊस वाळतो, शेतकरी ओरडतो. म्हणून कोणी अडवत नाही. पण हा सगळा खटाटोप करायची गरजच नाही. उसाच्या ट्रॉलीइतके नेमाने वजन होणारे दुसरे वाहन महाराष्ट्रात नसेल. प्रत्येक खेप कारखान्याच्या काट्यावर चढते. भरलेले वजन, रिकामे वजन, वेळ, वाहनाचा नंबर, सगळे पावतीवर छापून येते. नोंदणी पुस्तकातला आकडाही कारखान्याकडे असतो, कारण वाहतुकीचा करार करताना त्याची झेरॉक्स फायलीला लागते. दोन्ही आकडे एकाच कार्यालयात, एकाच टेबलावर आहेत. कोणी शेजारी शेजारी ठेवून बघत नाही, एवढेच.

उपाय इथूनच निघतो. काट्यावर आलेल्या सगळ्या उसाचे पैसे शेतकऱ्याला मिळावेत, त्यात एक किलोही कापायचा नाही. ऊस त्याचा आहे, ट्रॉली त्याची नाही. पण वाहतुकीचे बिल नोंदणी पुस्तकातल्या वजनापर्यंतच निघावे. वरच्या टनाला वाहतूकदाराला भाडे नाही. ऊस बिल आणि वाहतूक बिल कारखान्यात वेगळेच निघते, त्यामुळे हे अवघड नाही. दंड नको, रस्त्यात अडवणूक नको. वरच्या टनाला पैसे नाहीत म्हटल्यावर वरचा टन कोणी भरणार नाही.

यावर लगेच आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. खेपेला वजन कमी झाले की टनामागचा वाहतूक खर्च वाढणार. तो खर्च शेवटी शेतकऱ्याच्याच बिलातून कापला जातो. केंद्राने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. पण हातात पडते ती तोडणी-वाहतूक वजा होऊन. म्हणजे रस्ता सुरक्षित करायचा आणि पैसे शेतकऱ्याने द्यायचे, असे होईल का?

काही प्रमाणात होईल, हे कबूल केले पाहिजे. पण सगळा बोजा शेतकऱ्यावर पडावा असे नाही. आज वाहतूकदाराचा सगळ्यात मोठा तोटा डिझेलचा नाही, अड्ड्यावरच्या तासांचा आहे. चिटबॉयने तोड देताना आणि गट ऑफिसने रोजचा ऊस ठरवताना गव्हाणीला पचेल तेवढाच ऊस मागवला, खेपांना वेळा दिल्या, तर ज्याची दिवसाला एक खेप होते त्याच्या दोन होतील. एका ट्रॉलीच्या दोन खेपा आणि दोन ट्रॉल्यांची एक खेप यांत वाहतूकदाराला फार फरक पडणार नाही. रांग कमी झाली तर उसाचे वजन आणि उतारा दोन्ही वाचतात, कारण तोडलेला ऊस उन्हात जितका थांबेल तितका घटतो. हा फायदा शेतकऱ्याचा आणि कारखान्याचा दोघांचाही. शिवाय लांबच्या उसाचा वाहतूक खर्च सरासरीत घालून जवळच्या शेतकऱ्याकडून कापायची पद्धत अनेक कारखान्यांत आहे. तिचा हिशेब सभासदांनी एकदा वार्षिक सभेत मागायला हरकत नाही.

गावपातळीवर करण्यासारखे थोडके आहे, पण ते आजच करता येते. सरपंच आणि पोलीस पाटलांनी आपल्या हद्दीतले दोन-तीन वाईट उतार ठरवावेत आणि तिथून डबल ट्रॉली एकेक करून उतरवायची असे वाहतूकदारांना सांगावे. मागची ट्रॉली वर सोडून पुढची खाली न्यायची, परत येऊन दुसरी न्यायची. अर्धा तास जातो. सोडलेल्या ट्रॉलीच्या चाकांना उटी लावलीच पाहिजे, आणि ती लाकडाची असावी.

उटीवरून आठवले. टायर फुटला, आस मोडला, की ट्रॉली रस्त्यातच उभी राहते. मागे चार दगड मांडले, की झाली सूचना. रात्री ते दगड कोणाला दिसत नाहीत. आणि दुरुस्ती झाली की ट्रॉली जाते, दगड तिथेच. त्या दगडांवर पडलेल्या मोटारसायकली आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. रस्त्यावर धोक्याच्या ठिकाणी वाहन सोडून जाणे हा कायद्याच्या १२२ व्या कलमाखाली गुन्हा आहे. पण तक्रार होईपर्यंत वाट बघण्यात अर्थ नाही. ट्रॉलीत लाल पट्टीचा त्रिकोण आणि एक बॅटरी ठेवायला फार खर्च येत नाही. आपल्या बांधाजवळ अशी ट्रॉली थांबली असेल तर रात्री मागे कंदील किंवा बॅटरी लावायची आणि सकाळी दगड बाजूला करायचे. एवढे त्या शेतकऱ्यानेही करावे.

मालकांनी विम्याची पॉलिसी एकदा काढून वाचावी. तीत ट्रॅक्टरचाच नंबर आहे की ट्रॉल्यांचाही? शेतीकामासाठी विमा आहे की भाड्याच्या वाहतुकीसाठी? अपघात झाल्यावर कंपनीचा वकील हेच दोन प्रश्न पहिल्यांदा विचारतो, आणि भरपाईपायी जमिनीचा तुकडा विकायची पाळी येते ती इथेच. टोळीतली माणसे, पोरेबाळे भरलेल्या उसावर बसवून नेणे तर बंदच झाले पाहिजे. ट्रॉली हे माणसांचे वाहन नाही.

पुढच्या हंगामाचे वाहतूक करार उन्हाळा सरता सरता सुरू होतात. तेव्हा कारखान्याच्या फायलीत नोंदणी पुस्तकाची झेरॉक्स पुन्हा लागेल. सभासदांनी आणि संचालकांनी करारात दोन ओळी तेव्हाच घालून घ्याव्यात. वाहतुकीचे बिल पुस्तकातल्या वजनापर्यंतच निघेल, आणि हूक ट्रॅक्टर कंपनीने दिलेल्या जागेवर नसेल त्या वाहनाशी करार होणार नाही. हूक बघायला तज्ज्ञ लागत नाही. जमिनीपासून टेप लावली की कळते.